मिरची, बुलबुल आणि नियत

भिवापूर आमच्याच नागपूर जिल्ह्यातले. तिथल्या वाळक्या लाल मिरचीचे बी झटकून आम्ही मृगात गच्चीवरच्या फुटक्या बादलीत पेरले. आठ-दहा दिवसांत कोंब आले, महिन्याभराने रोपे वेगळी केली. फळे लाल होताच बुलबुल हजर! आम्ही काठी घेऊन धावलो.

पाखराला मिरची झोंबत नाही. दाह होतो तो आपल्याला नि उंदरांना. उंदीर बी चावून संपवतो. बुलबुल ते अख्खे गिळून दुसऱ्याच्या अंगणात टाकतो. म्हणजे फळ मुळात त्याच्यासाठीच. (16व्या शतकात पोर्तुगिजांबरोबर अमेरिकेहून आलेल्या या झाडाला 'आमचे' म्हणणे, हा आणखी निराळा विषय.)

मुसलमानाने लावलेल्या झाडाचे जे पाखरू, माणूस वा जनावर खाईल तो त्याचा सदका, अशी हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. पण अमलाचे मोल नियत पाहून ठरते, हीही हदीसच. आमची नियत तर सालनापुरती होती. मग ओरडत असताना गेलेली मिरची सदका कशी?

मुस्लिमच्या एका रिवायतीत चोरीला गेलेलेही सदक्यात मोजले आहे. चोराला खुशीने कोण देतो? तेव्हा सवाब पेरण्याचा असावा, देण्याचा नव्हे, अशी आम्ही समजूत घातली. तरी एक बोच राहतेच: सवाब मिळाला म्हणून काठी उगारणे माफ होते का?

काल दोन लाल मिरच्या बियाण्यासाठी फडक्याने बांधल्या. बाकीच्या उघड्याच आहेत.