खोट्याचं माप

खोटं बोलू नये, हे आपल्याला बाराखडीच्याही आधी शिकवतात. पण किती बोललं तर खपतं, याचं माप कुणी देत नाही. अपवाद महाभारताचा. धर्मराजाचा रथ जमिनीच्या चार अंगुळं वरून चालायचा. अश्वत्थाम्याच्या बाबतीत ते जे काही पुटपुटले, त्यानंतर तो तुमच्याआमच्या टांग्यासारखा जमिनीला टेकला. म्हणजे त्या खोट्याचं माप चार अंगुळं. इतकं चोख मोजलेलं दुसरं खोटं मला भेटलं ते इंग्लंडात, माझ्या भाच्याच्या टेबलावर. ते भरलं २.३३ मिलिमीटर.

भाचा डार्बीला असतो. त्याला वाफेच्या इंजिनांच्या छोट्या प्रतिकृती बांधण्याचा नाद. 'किट' म्हटल्यावर खोक्यातून इंजिनाचे लहानलहान अवयव निघतील, अशी माझी समजूत. निघाला पितळेचा सपाट पत्रा. त्यात सगळे भाग रसायनाने कोरलेले. ते कापायचे, कानशीने घासायचे, दुमडायचे आणि सोल्डरने जोडायचे. सुरुवात चासीपासून, बॉयलर, धुराडं वगैरे साजशृंगार नंतरचा. चासी म्हणजे दोन लांब पट्ट्या आणि त्यांना एकमेकींपासून ठरावीक अंतरावर धरून ठेवणारे आडवे तुकडे, म्हणजे स्पेसर. संसारात हे काम मुलं करतात.

गंमत अशी, की खोक्यात स्पेसर तीन रुंदीचे होते.

"तीन कशाला रे?" मी विचारलं.

"ज्याच्या त्याच्या सदसद्विवेकबुद्धीप्रमाणे, मामा."

तो विनोद करीत नव्हता. ब्रिटिश रेल्वेचे रूळ एकमेकांपासून ४ फूट साडेआठ इंचांवर असतात. तिकडे छोट्या गाड्यांत सर्वांत चलती 'डबल ओ' या मापाची. त्यात खऱ्या एका फुटाला ४ मिलिमीटर. या हिशेबाने रुळांमधलं अंतर यायला हवं १८.८३ मिलिमीटर. असतं १६.५! म्हणजे इंजिन खऱ्या हिशेबाचं आणि त्याच्या पायाखालचे रूळ ४ फूट दीड इंचाचे. कारण साधं आहे. हे रूळ मुळात फुटाला साडेतीन मिलिमीटर या मापाचे. पण ब्रिटिश इंजिनं अंगाने लहान, त्या काळच्या मोटारी ढोल्या. त्या पोटात मावेनात. तेव्हा इंजिनाचं अंग वाढवलं आणि रूळ होते तेच ठेवले. अंगरखा मोठा शिवला, चपला जुन्याच! १९३८ साली 'हॉर्नबी डब्लो' बाजारात आली आणि हे माप घराघरांत गेलं. आपली १८५३ सालची बोरीबंदर–ठाणे गाडी साडेपाच फुटी रुळांवरून धावली. तिला याच हिशेबाने २२ मिलिमीटर लागतील. १६.५ वर ती म्हणजे पहिलवानाने एका पायावर उभं राहून आरती ओवाळण्यासारखं.

ज्यांना या खोट्यापायी झोप येईना, त्यांनी आधी रूळ १८ मिलिमीटरवर नेले. तेवढ्यानेही ज्यांचं समाधान होईना, त्यांनी थेट १८.८३ गाठलं. धर्मोपदेशकांतही या बाबतीत एकमत नव्हतं. 'थॉमस' इंजिनाच्या गोष्टी लिहिणारे रेव्हरंड ऑड्री आपली गाडी १६.५ वर चालवीत. बकिंगहॅमची प्रसिद्ध प्रतिकृती उभारणारे रेव्हरंड पीटर डेनी १८ वर. रविवारी बायबल मात्र दोघेही एकच वाचत.

भाचा अर्थातच १८.८३ वाला. त्याच्या बायकोने चहा ठेवता ठेवता मला हळूच सांगितलं, "मामा, चार वर्षांत मोजायची हत्यारं वाढली. इंजिन नाही वाढलं."

मी भाच्याला छेडलं. "खऱ्या इंजिनात वाफ दट्ट्या ढकलते आणि दट्ट्या चाक फिरवतो. तुझ्यात विजेची मोटर चाक फिरवणार आणि चाक दट्ट्याला ढकलणार. घोड्यापुढे टांगा जोडणारा माणूस तू, दोन मिलिमीटरचं काय घेऊन बसलास?"

"पण ते सगळ्यांना ठाऊक असतंच की," तो म्हणाला. "त्यात फसवणूक कुणाची?"

हे उत्तर मला फार आवडलं. फक्त त्याने ते दिलं चुकीच्या बाजूने. १६.५ सुद्धा सगळ्यांना ठाऊक आहे. ते खोक्यावर छापलेलं असतं. छापलेलं खोटं म्हणजे करार. मोजलेलं नसतं ते खरं खोटं. भाच्याची सहा वर्षांची मुलगी दर रविवारी येऊन विचारायची, "बाबा, चालणार कधी?" आणि हा सत्यवचनी माणूस कानस न थांबवता म्हणायचा, "पुढच्या रविवारी." त्या 'पुढच्या रविवारी'चं माप कुठल्याही खोक्यावर नव्हतं.

मी एवढंच म्हटलं, "दोन खोटी आहेत. एक रुळांशी, एक पोरीशी. कुठलं ठेवायचं ते तू ठरव."

तो बराच वेळ गप्प बसला. मग त्याने अरुंद स्पेसर कापले.

पुढचे दोन आठवडे मी शेजारी बसून पाहिलं, की सवलत कुठे आहे आणि कुठे नाही. रुळांच्या मापाला सवलत आहे. पण चाकं जोडणाऱ्या दांड्यांची भोकं आणि आसांची भोकं यांच्यातल्या अंतरात केसाचा फरक पडला, तर इंजिन अडखळतं. एका बाजूची क्रँक दुसरीच्या काटकोनात हवी. म्हणजे एक बाजू अडली तरी दुसरी ओढून नेते. चासी काचेवर ठेवली तर डुगडुगता कामा नये. ती गुण्यात हवी. आणि स्पेसर तिन्ही एकाच रुंदीचे. दोन अरुंद आणि एक खऱ्या मापाचा लावला, तर चासी एक-तृतीयांश प्रामाणिक होत नाही, वाकडी होते. जगाच्या मापात थोडं कमी भरलं तर चालतं. स्वतःच्या मापात नाही. गुण्यात असलेलीच माणसं गुण्यागोविंदाने नांदतात.

गाडी रविवारी चालली. गालिच्यावर, गोल रुळांवर. पोरगी गाल जमिनीला टेकवून बाजूने बघत होती. बाजूने ते २.३३ मिलिमीटर दिसत नाहीत. ते दिसतात फक्त समोरून. आणि समोरून येणाऱ्या गाडीकडे शहाण्या माणसाने रुळांत उभं राहून पाहू नये.