जुन्या मोटारीचा गालिचा

कर्जत व खालापूर ह्या तालुक्यांत ठाकूरवाडी ह्या नांवाची एकच वस्ती नाहीं. डोंगराच्या पायथ्याशीं ठाकूर लोकांचीं दहावीस घरें जेथें जेथें एकत्र बसलीं, तेथें तेथें हेंच नांव पडलें. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस अशाच एका वाडीलगतच्या बागेंत आमचें दोन दिवस राहणें झालें. बाग आमच्या एका स्नेह्यांची. समोर माथेरानचा डोंगर, ज्यावर खासगी मोटार नेण्यास बंदी आहे. आणि त्याच डोंगराच्या छायेंत, पत्र्याच्या एका पडवींत, आमचे स्नेही एका जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार करीत बसलेले. ह्यांतील विनोद त्यांच्याही ध्यानांत आलेला आहे.

मोटार १९३४ सालची, रोल्स-रॉइस कंपनीची, त्यांच्या आजोबांची. यंत्र पूर्ववत् झालेलें, लाकूडकाम झालेलें. अडलें होतें तें गालिच्यापाशीं. पुढें तीन नमुने मांडलेले होते. एक विल्टन पद्धतीचा, शुद्ध लोकरीचा, विलायतेहून मागविलेला. दुसरा नायलॉनचा, रंगानें हुबेहूब व किमतीनें पुष्कळच हलका. तिसरा दोहोंच्या मिश्रणाचा. आमचें मत विचारण्यांत आलें, आणि खरें सांगावयाचें तर प्रथम आम्ही हंसलों. पायपुसण्याच्या जातीच्या वस्तूविषयीं एवढा ऊहापोह कशाला, असेंच कोणासही वाटेल.

परंतु प्रश्न दिसतो तितका हलका नाहीं. विल्टन हें इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांतल्या एका गांवाचें नांव. ह्या पद्धतींत लोकरीचे फांसे विणतांनाच बारीक सळ्यांवर घेतात. सळईच्या टोंकाला पातें असतें, तें ओढून काढतांना फांसे कापले जातात व मखमलीसारखी लव उभी राहते. ही लव तळाच्या विणींतच गुंतलेली असल्यामुळें वर्षानुवर्षें पाय घांसले तरी सहसा सुटत नाहीं. आजचा स्वस्त गालिचा बहुधा विणलेला नसतोच. तयार कापडांत सुयांनीं धागे टोंचून त्यास मागून चिकट लेप देतात. नायलॉन तर १९३८ सालीं जगापुढें आलें. तेव्हां १९३४ च्या मोटारींत तें असणें हा कालविपर्यासच होय. पारखही सोपी आहे. एक धागा जाळून पाहावा. लोकर केस जळल्याचा वास देते व तिची राख बोटांनीं चुरडते. नायलॉन वितळतें आणि त्याचा कठीण मणी बनतो. मूळच्या रंगाचा पुरावा आसनाखालीं किंवा दाराच्या उंबऱ्यावरील पट्टीखालीं शोधावा, कारण तेथें ऊन पोंचलेलें नसतें. आमच्या स्नेह्यांस मागच्या आसनाखालीं असा तळहाताएवढा तुकडा सांपडला होता. गर्द निळा आणि अगदीं नव्यासारखा.

येथवर प्रश्न माहितीचा होता. 'मूळचें' म्हणजे काय, हें विचारूं लागतांच पायाखालची जमीन सरकते. त्या काळीं रोल्स-रॉइस कंपनी सांगाडा व यंत्र एवढेंच देत असे. वरचा डोलारा हूपर, बार्कर यांसारख्या पेढ्या गिऱ्हाइकाच्या इच्छेप्रमाणें बांधीत. म्हणजे कारखान्याचा असा ठराविक गालिचा नव्हताच. होती ती एका गिऱ्हाइकाची आवड. शिवाय चालक ठेवणाऱ्या धन्याच्या गाडींत मागें लोकर आणि पुढें चालकाच्या पायाखालीं पुष्कळदां साधें रबर असे. जीर्णोद्धार निष्ठेनें करावयाचा तर तो भेदही पुन्हा अंथरावा काय? आमचे स्नेही स्वतःच गाडी चालवितात. त्यांनीं ह्या प्रश्नास उत्तर दिलें नाहीं.

कायद्याकडे जावें तर तो मौन धरतो. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठीं केंद्र सरकारनें २०२१ सालीं स्वतंत्र नियम केले. वाहन मूळ स्वरूपांत असावें, सांगाडा, कवच किंवा यंत्र यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी त्यांत अट आहे. गालिच्याची गणना ह्यांत होत नाहीं. म्हणूनच तो सर्वस्वीं धन्याच्या मनावर सोंपविला गेला आहे, आणि म्हणूनच आम्ही त्यास नीतीचा प्रश्न म्हणतों.

'मिलिंदप्रश्न' ह्या पाली ग्रंथांत नागसेन भिक्षु मिलिंद राजास त्याच्या रथाविषयीं विचारतो: आंस म्हणजे रथ काय? चाकें म्हणजे रथ काय? राजा दर वेळीं नाहीं म्हणतो, आणि अखेर कबूल करतो कीं, रथ हें ह्या सर्वांच्या आश्रयानें चालणारें एक नांव आहे. ह्या न्यायानें नायलॉन घातल्यानें मोटारीचें मोटारपण जात नाहीं. परंतु नागसेनाचा प्रश्न वस्तु कोणती हा होता. आमचा प्रश्न, तिच्याविषयीं आपण लोकांस काय सांगतों, हा आहे. ठाकुरांच्या घराच्या भिंती कारवीच्या. कुजलेली कारवी काढून नवी घालतात, वर माती-शेणाचा नवा लेप चढतो, आणि घर तेंच राहतें. जपानांत इसे येथील देवालय वीस वीस वर्षांनीं नव्यानें बांधतात. २०१३ सालीं तें असें बांधलें गेलें, तरी त्यास कोणी नकली म्हणत नाहीं. तेथें कोणीच फसत नाहीं, कारण नवेपणा उघड आहे. नायलॉन नायलॉन म्हणून अंथरलें तर आमची हरकत नाहीं. कोंकणच्या पावसांत लोकरीला बुरशी व कसर लागते, आणि गरज ही कांहीं लाजेची गोष्ट नव्हे. मिश्रणाचा नमुना मात्र आम्ही साफ नापसंत केला. लोकर म्हणवून मिरवावें आणि टिकावें नायलॉनसारखें, ही त्याची सारी हुशारी.

आमचा निर्णय लोकरीच्या बाजूनें झाला होता, कारण तळहाताएवढा कां होईना, पुरावा तिचा होता. दुसऱ्या दिवशीं त्यांत विघ्न आलें. पडवीच्या वळचणीला एक काळें घोंगडें गुंडाळून टाकलेलें आम्हीं पाहिलें. मोटारीच्या तळाच्या आकाराला कापलेलें, कडेनें सुतळीचे टांके घातलेलें. बागेची राखण करणारे म्हातारेबोवा वाडींतलेच. ते म्हणाले, "माझे बापानी शिवलंय ते. आंतला कुजला तवा धनगराकडून घोंगडी आणली न दाभणानं शिवली." थोड्या वेळानें त्यांनीं विचारलें, "टाकायची का सायेब ती?"

आमचे स्नेही खालीं पाहूं लागले. मागाहून त्यांनीं सांगितलें कीं, आजोबांचे शेवटचे दिवस ओढग्रस्तीचे होते. रोल्स-रॉइसमध्यें घोंगडें पाहून लोक हंसत, आणि लहानपणीं तें हंसें त्यांनीं ऐकलें होतें. तेव्हां कोठें आमच्या लक्षांत आलें कीं, हा शोध केवळ विल्टनचा नव्हता. निळा गालिचा कांहीं थोडीं वर्षें होता. घोंगडें त्याहून किती तरी अधिक काळ. मग ह्या मोटारीचें मूळचें कोणतें? ती विकली गेली त्या दिवशींच तिचा इतिहास संपला असें मानलें, तर निळी लोकर. पण तसें मानणें म्हणजे एका माणसाची दाभण आणि एका घराचे वाईट दिवस हीं दोन्ही खोडून टाकणें. शर्यतीचे परीक्षक घोंगड्यास दोष मानतील, हें उघड आहे. उलट, नातवानें आजोबांची गाडी त्यांच्या भरभराटीच्या रूपांत पाहूं इच्छिणें ह्यांत पाप तें काय? गरजेपोटीं घातलेला टांका कायम ठेवावा असा आग्रह धरणारे आम्ही कोण, हेंही आम्हांस सुचलें. ज्यानें तो घातला त्यालाही कदाचित् निळा गालिचाच अधिक आवडला असता.

लोकरीची मागणी त्याच दिवशीं गेली. घोंगडें धुऊन उन्हांत पसरलें. तें गाडींत कोठें ठेवावयाचें, कीं ठेवावयाचेंच नाहीं, हें ठरलें नव्हतें. आम्ही निघालों तेव्हां म्हातारेबोवा त्याच्या उसवलेल्या कडेला नवी सुतळी घालीत होते, आणि आमचे स्नेही, ही सुतळी मूळची नव्हे असें त्यांस म्हणावें कीं नाहीं ह्या विचारांत, जवळच उभे होते.