राजा घोड्यावरून पडला, त्याची नोंद

१४०४ साली कोरियाचा राजा थेजोंग शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडला. उठल्याबरोबर म्हणाला, हे इतिहासलेखकाला कळू देऊ नका. जोसन घराण्याच्या इतिवृत्तात तो पडल्याची नोंद आहे आणि 'कळू देऊ नका' म्हणाल्याचीही.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर. ज्यात भर घालता येते पण खाडाखोड करता येत नाही अशा लॉगशी माझा रोजचा संबंध, त्यामुळे हा लेखक मला सहकारीच वाटला. पण जोसन राजवट कट्टर कन्फ्यूशियन होती, आणि कन्फ्यूशियस म्हटलं की आपल्याला आठवते ती खाली घातलेली मान.

सिंगापूरच्या ली क्वान यू यांनी १९९४ साली 'फॉरेन अफेअर्स'मधल्या मुलाखतीत साधारण हेच सुचवलं : कुटुंब आणि शिस्त यांवर उभ्या असलेल्या पूर्व आशियाला पाश्चात्त्य लोकशाही जशीच्या तशी मानवणार नाही. त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात किम दे-जुंग यांनी उत्तर दिलं. लष्करी राजवटीत, १९८० साली, त्यांना मृत्युदंड सुनावला गेला होता. पुढे १९९८मध्ये ते दक्षिण कोरियाचे अध्यक्ष झाले. त्यांनी आधार घेतला तो मेन्शियसचा, कन्फ्यूशियसच्याच परंपरेतल्या विचारवंताचा. मेन्शियसच्या मते प्रजा आधी, राजा सगळ्यात शेवटी. जुलमी राजाला मारणं हा राजवधच नव्हे.

मन किम यांच्या बाजूने आहे, तरी मला हे अर्धंच पटतं. राजाला त्याची चूक दाखवणं हे या परंपरेत मंत्र्याचं कर्तव्य. दाखवणाऱ्याची मान वाचेल याची हमी मात्र कुणी देत नाही. चीनमध्ये मिंग घराण्याच्या संस्थापकाने मेन्शियसच्या ग्रंथातले ८५ उतारे छाटायला लावले. १४९८ साली खुद्द कोरियात राजा यॉनसानने किम इल-सोन या इतिहासलेखकाला त्याच्या कच्च्या टिपणांपायी ठार केलं. राजाने टिपणं बघायची नाहीत हा दंडक होता, पण तो राजाच्या भिडेवर टिकून होता.

भिडेचं मला माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी एका ज्येष्ठ सहकाऱ्याच्या कोडमधली चूक मला दिसली होती. ज्यांनी काम शिकवलं त्यांना कसं सांगायचं, म्हणून गप्प बसलो. त्या रात्री लोकांच्या खात्यांतून पैसे दोनदा कापले गेले. आता दुसऱ्याच्या मंजुरीशिवाय कुणाचाच कोड पुढे जात नाही. परवा टीममधल्या नव्या मुलीने माझा परत पाठवला, चहा पिता पिता.

३ डिसेंबर २०२४च्या रात्री दक्षिण कोरियात मार्शल लॉ जाहीर झाला. तो उठवायला लावण्याची तरतूद संविधानात होती : संसदेचं बहुमत. हजर असलेल्या १९० सदस्यांनी एकमताने ठराव केला. पण त्याआधी फाटकावर पोलीस उभे होते, आणि सभापती वू वॉन-शिक कुंपणावर चढून आत गेले होते.