मदत कुठे थांबावी?

दुबळ्याला मदत करावी, याविषयी आपल्या समाजात दुमत नाही. घरी एलिया हनाबीचा मलिदा झाला की शेजारच्या आजारी माणसासाठी ताट झाकून ठेवणारी आपण माणसे. पण मदत कुठवर करावी आणि हात कुठे मागे घ्यावा, हा प्रश्न आपण क्वचितच स्वतःला विचारतो.

आम्ही पुष्कळ वर्षे नर्सचे काम केले. अर्धांगवायूने उजवा हात लुळा पडलेली एक बाई रोज सकाळी डाव्या हाताने झग्याची बटणे लावू पाही. एकेका बटणाला पाच पाच मिनिटे लागत. आम्हाला पुढच्या खाटा गाठायच्या असत, म्हणून आम्ही झटकन बटणे लावून देत असू. बाई 'तोदा' म्हणे. काही दिवसांनी तिने प्रयत्नच सोडला आणि आम्हाला पाहताच हात बाजूला ठेवून बसू लागली. आजाराने तिचा एक हात नेला होता. दुसरा आमच्या घाईने नेला.

आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नये, अशी आज्ञा वायिक्राच्या 19व्या अध्यायात आहे. अडखळण म्हटले की आपल्याला दगडधोंडा आठवतो. मायेने पुढे केलेला हातही कधी कधी वाट अडवतो, हे ध्यानात येत नाही.

मोशे रब्बेनूंची जीभ जड होती. शमोथच्या 4थ्या अध्यायात ते परमेश्वराला तसे सांगतात आणि दुसऱ्या कोणाला तरी पाठव म्हणून विनवतात. परमेश्वराने त्यांच्याकडून काम काढून घेतले नाही. बोलण्यासाठी अहरोनला सोबतीला दिले, पण जबाबदारी मोशेंचीच राहिली. स्वावलंबन म्हणजे कोणाचीच मदत न घेणे, असा अर्थ केला तर चष्मा लावणारे आपण सारेच परावलंबी ठरू. मदत कितीही लागो, आपल्या आयुष्याचा निर्णय आपल्या हाती असणे, हे खरे स्वावलंबन.

रांबाम स्वतः वैद्य होते. त्यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. माणसाला कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन मागण्याची गरजच उरू न देणे, ही त्यांतली सर्वांत वरची. आपल्या देशाचे कायदेही हळूहळू त्याच वाटेने आले. 1998 साली अपंगांच्या समान हक्कांचा कायदा झाला. मानसिक आजार असलेल्यांना घर, काम आणि सोबत मिळवून देणारा पुनर्वसनाचा कायदा 2000 साली आला. पूर्वी नोकरी धरली तर बितुआख लेउमीचा भत्ता जाईल, या भीतीने कित्येक जण घरीच बसत. 2009 सालापासून मिळकत वाढेल तसा भत्ता टप्प्याटप्प्याने कमी होतो, आणि काम करणाऱ्याच्या हाती नुसत्या भत्त्यापेक्षा जास्तच पैसे पडतात.

पण घराचा उंबरठा कायद्याला ओलांडता येत नाही. पाहुणे आले की मुलाला आतल्या खोलीत बसवणारी, बहिणीच्या लग्नाची बोलणी चालू असताना त्याचे नावही न काढणारी घरे आपल्यात आहेत.

आमच्या ओळखीच्या एका आईचा मुलगा डाऊन सिंड्रोमचा, तिशी उलटलेला. वस्तू खोक्यांत भरण्याचे काम त्याला मिळाले. आठ दिवस ती त्याच्या मागोमाग, त्याला न दिसेल अशी, बसच्या थांब्यापर्यंत गेली. नवव्या दिवशी घरी राहिली. एके संध्याकाळी तो चुकीच्या बसमध्ये चढला आणि दोन तास उशिरा आला. आईचे रडून डोळे सुजले होते. तिने नोकरी बंद करायचे ठरवले. पण जेवताना तो, कोणाला वाट विचारली, कुठे उतरलो, ते सर्वांना सांगत बसला. घराबाहेरची स्वतःची गोष्ट त्याच्यापाशी पहिल्यांदाच आली होती. दुसऱ्या दिवशी आईने त्याचा डबा भरला.

यात धोका नव्हता असे आम्ही म्हणणार नाही. काळजी कुठे संपते आणि कैद कुठे सुरू होते, याची रेघ प्रत्येक घराला वेगळी आखावी लागते. पण ज्याला कधी चुकूच दिले नाही, त्याला शिकूही दिले नाही, हे आम्ही रुग्णांच्या खाटांपाशी पाहिले आहे. काम नसलेल्या माणसाचा दिवस लांबतो आणि मन खचते, हेही पाहिले आहे.

'आमच्या माघारी याचे काय?' असे आईबाप विचारतात. त्याचे उत्तर आपण हयात असतानाच द्यावे लागते, रोज एकेक बटण त्याचे त्याला लावू देऊन.