चूल, वाटणी आणि बाप्तिस्मा

ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यामुळे घरात होणारा कलह देवावरून क्वचितच पेटतो. तो पेटतो चुलीवरून, वाटणीवरून आणि मुले कोणाची यावरून. ‘धर्मांतराने घरे फुटतात’ असे सभांतून ठासून सांगणाऱ्यांना हे सोयीचे नाही आणि सारा दोष सनातन्यांच्या माथी मारणाऱ्या जुन्या मिशनरी लेखनालाही नाही.

मुंबईत १८४३ मध्ये नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनरींकडे राहत होता. तो अज्ञान म्हणून न्यायालयाने त्याला वडिलांच्या हवाली केले. खरा तंटा तिथून सुरू झाला. मुलगा मिशनरींच्या घरी जेवला होता, मग त्याला पंक्तीला घ्यायचे कसे? बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला शुद्ध करून जातीत परत घेण्याची बाजू घेतली आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. बापाला पोर हवे होते. जातीला प्रायश्चित्तही पुरेसे वाटत नव्हते.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हाच पेच घराच्या आत दिसतो. त्यांच्या माहेरी सोवळे पराकोटीचे. लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सासऱ्यांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली आणि त्या धक्क्याने वडिलांना विटाळाचा ध्यासच लागला. अशा घरातल्या मुलीच्या नवऱ्याने, रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी, १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या धैर्याचे गोडवे पुष्कळ गायले गेले. पण धैर्य त्यांचे आणि किंमत बायकोची, हे कमी वेळा सांगितले जाते. निर्णय त्यांचा एकट्याचा होता. लक्ष्मीबाई लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन काही वर्षे वेगळ्या राहिल्या. पुढे त्या अहमदनगरला आल्या तरी स्वयंपाक वेगळा, सोवळे वेगळे. त्यांनी १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला, तोही जातिभेदावरचा त्यांचा स्वतःचा विश्वास उडाल्यावर.

टिळकांच्या हाती कायदा होता. १८६६ च्या कायद्याने धर्मांतरित नवऱ्याला न्यायालयात जाता येई. समजावूनही बायको धर्माच्या कारणाने नांदायला नाही म्हणाली, तर विवाह मोडता येई. टिळकांनी ती वाट धरली नाही. बाप्तिस्म्याच्या दिवशी त्यांनी बायकोचे मत जमेस धरले नव्हते. नंतर मात्र तिच्या नकाराचा मान राखून वाट पाहिली. हा त्यांचा मोठेपणा थोडा उशिराचा, पण खरा.

तेव्हा कलहाचे मूळ जातीत, एवढे म्हणून हात झटकता येतील काय? तेही पुरते खरे नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू स्वतःच बापलेकांत, मायलेकींत फूट पडेल असे बजावतो. घरापेक्षा वरची निष्ठा मागणारा धर्म घराला धक्का देणारच. जातीने फक्त त्या धक्क्याचे रूप ठरवले: ताट, पाणी, सोयरीक. बौद्ध भिक्षू आणि वारकरी संत यांच्या घरच्यांनाही असा धक्का ठाऊक होता. ख्रिस्ती माणसावरच तो खटला चालवायचे कारण नाही.

आज ताटाची जागा कागदाने घेतली आहे. १८५० च्या कायद्याने धर्मांतरिताचा वारसाहक्क शाबूत ठेवला. मात्र हिंदू वारसा कायद्याच्या (१९५६) कलम २६ नुसार धर्मांतरानंतर जन्मलेली मुले, वारसा खुला होताना स्वतः हिंदू नसतील, तर हिंदू नातेवाइकांच्या मिळकतीचे वारस ठरत नाहीत. शेताच्या बांधावर हा फरक चांगलाच जाणवतो.

त्याहून तीव्र प्रश्न अनुसूचित जातींचा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ही ओळख हिंदूंपुरती ठेवली; १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध तिच्यात आले, ख्रिस्ती बाहेरच राहिले. बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरसारख्या गावात दोन सख्ख्या भावांपैकी एक बौद्ध राहिला आणि दुसरा ख्रिस्ती झाला, तर पहिल्याच्या मुलाला अनुसूचित जातीचा दाखला मिळतो, दुसऱ्याच्या मुलाला नाही. गावाने दोघांनाही एकाच नजरेने पाहिले तरी. म्हणून असा ख्रिस्ती झालेला भाऊ उपासना ख्रिस्ती पद्धतीने करतो आणि कागदावर जुना धर्म ठेवतो. मग त्याला लबाड म्हणायला गाव, पाळक आणि सरकार तिघेही तयार असतात. घरात भांडण लावणारा इथे बायबल नसून तो आदेश आहे.