पॉपलरची मुदत

केमोथेरपी चालू असलेल्या मैत्रिणीसाठी शुभेच्छापत्र घेतलं. मोनेचे पॉपलर; मागे छापलेला अर्थ, 'स्थैर्य'. ही झाडं १८९१ साली तोडीसाठी लिलावात निघाली होती. मोनेने लाकूडव्यापाऱ्याला पैसे देऊन चित्रं पुरी होईपर्यंत ती राखली. म्हणजे स्थैर्य कसलं, मुदत! (शेजारच्या कार्डावर होकुसाईची लाट, 'धैर्य' म्हणून. होड्यांत अंग चोरून बसलेले वल्हेकरी छापणाऱ्याला दिसले नसावेत.)

आजारी माणसाला असा अर्थ आयता पाठवावा? दिलासा खोटा असला तरी चालतो, असं मी आजवर मानत आले. पण तिला तिचे रिपोर्ट वाचता येतात. खोटा शब्द तिला नव्हे, मला सोयीचा होता. तो खोडून झाडांची हकिकत लिहिली.

तिचा फोन आला. "मग चित्रं किती झाली गं त्याची?"

"वीसच्या वर."