दाराशीं उभा असलेला

सत्कृत्य गुप्तपणें करावें, उजव्या हाताचें दान डाव्या हातास कळूं नये, असा येशू ख्रिस्ताचा उपदेश मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायांत आहे. पण तेथेंच असेंही आश्वासन आहे कीं, गुप्त गोष्टी पाहणारा पिता त्याचें फळ देईल. यावर चिकित्सक वाचक विचारील : मग निरपेक्षता ती कोठें राहिली? बाजारांतील प्रेक्षक उठवून त्याच्या जागीं स्वर्गांतील प्रेक्षक बसविला, एवढेंच नव्हे काय? हा आक्षेप हंसून घालविण्यासारखा नाहीं.

आल्फोन्सो रोद्रिगेस हा स्पेनांतील सेगोव्हिया येथील लोकरीचा व्यापारी. पत्नी व मुलें निवर्तलीं, व्यापार बसला, आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर, १५७१ सालीं, त्यास जेसुइट पंथांत सामान्य बंधु म्हणून प्रवेश मिळाला. विद्या बेताची असल्यामुळें पुरोहित होण्याची आशा नव्हती. मायोर्का बेटावरील पाल्मा येथील महाविद्यालयांत तो द्वारपाल झाला. दार उघडणें, निरोप पोंचविणें, गरिबांना अन्न वाटणें, यांतच १६१७ सालच्या मृत्यूपर्यंतचा त्याचा बहुतेक काळ गेला. दारावर थाप पडली कीं बाहेर प्रभूच आला आहे असें समजून तो उठे, असें त्याचे चरित्रकार सांगतात.

येथें आक्षेपाचें उत्तर सांपडूं लागतें. आल्फोन्सोचा देव दूर बसून पाहणारा नव्हता. तो उंबरठ्याबाहेर तिष्ठत होता. जो आपली सेवा नुसती पाहतो त्याच्यापुढें मिरवितां येतें. ज्याला ती हवी असते त्याच्यासाठीं उठून दारच उघडावें लागतें. मत्तयाच्याच पंचविसाव्या अध्यायांत न्यायाच्या दिवशीं ज्यांचा गौरव होतो, त्यांना आपण प्रभूची सेवा केव्हां केली हें ठाऊकही नसतें. त्यांचें सत्कृत्य त्यांच्या स्वतःपासूनच लपलेलें होतें. गीता फळाचा त्याग करावयास सांगते. येथें फळ देऊं केलेलें आहे, पण त्याचा हिशेब ठेवणारा मागें उरलेला नाहीं.

तथापि एक सावधगिरी अवश्य आहे. अलक्षित सेवेचें स्तोत्र बहुधा तेच गातात, ज्यांचीं कामें दुसऱ्यांच्या हातून होतात. आपल्या सेवेकडे कोणी लक्ष द्यावें अशी इच्छा न धरणें हा सेवकाचा गुण खरा; पण म्हणून सेवा घेणाऱ्यानें डोळे मिटून घ्यावे, असें ठरत नाहीं.

१८८८ सालीं आल्फोन्सोस संतपद मिळालें, तेव्हां जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स या जेसुइट कवीनें त्याच्यावर एक सुनीत रचलें. हॉपकिन्स डब्लिन येथें ग्रीक शिकवीत होता आणि उत्तरपत्रिकांच्या ढिगाखालीं वांकला होता. पुढच्याच वर्षीं तो वारला. त्याच्या कवितांचा संग्रह निघाला तो १९१८ सालीं. स्वतः अलक्षित असतां त्यानें एका अलक्षिताकडे पाहिलें.

हें सुनीत मीं वर्गांत अनेकदां शिकविलें आहे. प्रत्येक वेळीं तास संपला तो एकाच शिपायानें दिलेल्या घंटेनें. त्या शिपायाचें पूर्ण नांव मला कळलें तें त्याच्या निवृत्तीच्या दिवशीं, नोटीस वाचून.